गोल कोपऱ्यांची चिठ्ठी

माझ्या नवऱ्याच्या आयुष्यातली सहा वर्षं मी बारामतीच्या थेटरात खुर्चीला टेकून बघितली. दुपारी बाराचा खेळ होता. पास माझ्या धाकट्या बहिणीनं पाठवले होते, कारण सिनेमा तिनं लिहिलेला. बाहेर पोस्टरवर रक्तानं माखलेला हात आणि त्या हातात गोळ्यांचं चुरगळलेलं पाकीट. दारातच तिला फेटा बांधत होते, कॉलेजातल्या पोरी तिच्या गळ्यात पडून सेल्फी काढत होत्या. ज्यांच्यावर तो सिनेमा निघाला ते आमचे हे मात्र कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी उभे होते, आणि त्यांना तिथं काळं कुत्रं ओळखत नव्हतं. मलाही नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखत होतं. आणि ते दुखणं त्या दिवसाचं नव्हतं, लहानपणापासूनचं होतं.

आमचं माहेर कोऱ्हाळे बुद्रुकचं. शाळेच्या गॅदरिंगला धाकटी राणी व्हायची आणि मी पडद्यामागं पुस्तक धरून तिला वाक्यं सांगायची. टाळ्या तिला. घरी आल्यावर आई तिची दृष्ट काढायची, आणि मीठ-मोहऱ्या आणून द्यायचं काम माझं. पुढं मी बी.कॉम. झाले, लग्न होऊन इंदापूरला आले. ती नाटकाच्या नादानं बारामतीहून पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. आधी मालिका लिहिल्या, मग सिनेमे. आता आई पाहुण्यांना माझी ओळख करून देते ती अशी, "ही आमच्या लेखिकेची थोरली बहीण." जणू मला दुसरा काही धंदाच नाही.

धंदा आहे की! इंदापुरात तहसील कचेरीच्या बाजूला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, दाखल्यांचे ऑनलाइन फॉर्म. आणि लॅमिनेशनमध्ये तालुक्यात माझा हात धरणारं कुणी नाही. बुडबुडा नाही, सुरकुती नाही. प्लॅस्टिकचं टोक खिशात टोचतं म्हणून मी चारी कोपरे कात्रीनं गोल कापून देते. बाकीचे दुकानदार एवढा कुटाणा करत नाहीत. त्यामुळं कुणाच्या खिशातून गोल कोपऱ्यांचं आधार कार्ड निघालं की ते माझ्याकडचं समजावं. आमच्या घरात तर कागद म्हणून जे काही होतं ते मी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलं. सासऱ्यांचा सातबारा, लग्नाची पत्रिका, आरत्यांचा कागद, सगळं. एकदा एका पोरीचं दहावीचं मार्कशीट लॅमिनेट करून दिलं, तर कॉलेजातल्या क्लार्कनं तिला परत धाडलं, "ह्याच्यावर आता शिक्का कुठं मारू, तुझ्या कपाळावर?" ती पोरगी रडत माझ्याकडं आली. मी हसले होते. तेव्हा हसण्याऐवजी जरा विचार केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

आमचे हे हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवायचे, बाकी वर्षभर डाळिंबाची बाग बघायचे. एका हंगामात भरलेल्या ट्रॉलीवर चढून दोर आवळताना पाय निसटला आणि पाठीवर आदळले. मणक्यात गॅप पडला. बारामतीच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. जड गोळी होती ती, दुखणं एकदम बंद करणारी. "अगदी राहवलं नाही तरच घ्यायची," डॉक्टर म्हणाले, "आणि चिठ्ठीशिवाय कुणी देणार नाही." ह्यांनी ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. घामानं भिजून भिजून तिच्या घड्या सुटायला लागल्या. मग एक दिवस दुकानात येऊन माझ्यापुढं धरली.

"फाटाय आली गं. परत लिवून घ्यायची म्हंजे बारामतीला खेटा."

मी म्हटलं, "द्या हिकडं."

चांगलं पाऊच घेतलं. मशीनमधून एकदा नाही, दोनदा काढली. चारी कोपरे गोल कापले. आणि हातात देताना वर मीच म्हटलं, "घ्या. आता हिरीत पडली तरी काय व्हायचं न्हाय तिला." काय तो माझा शहाणपणा!

औषधाच्या दुकानात असली गोळी दिली की चिठ्ठीवर शिक्का मारतात, किती दिल्या ते लिहितात. तीच चिठ्ठी दुसऱ्या दुकानात चालू नये म्हणून. आता माझ्या प्लॅस्टिकवर मारलेला शिक्का बाहीला पुसला की गेला. पेनानं लिहिलेलं अंगठ्यानं गेलं. चिठ्ठी परत कोरी. पंधरा दिवसांची ती चिठ्ठी सहा वर्षं चालली. इंदापूर, भिगवण, वालचंदनगर, बारामती, पार सोमेश्वरनगरपर्यंत. एक मेडिकलवाला ओळखायला लागला की ह्यांची मोटरसायकल पुढच्या गावाला. कुणी तारीख बघून विचारलंच, तर म्हणायचं, "मणक्याचं जुनं दुखणं हाय, कायमच्या गोळ्या हायेत." आणि समोरच्याला ते पटायचं. एवढी जपून प्लॅस्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी म्हणजे ती कायमच्या औषधाचीच असणार, असं कुणालाही वाटणार.

मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसायचं की माणूस सकाळी अकराला गाणी म्हणतोय आणि चारला त्याच्याशी बोलायची सोय नाही. जेवण कमी झालं. हात थरथरायला लागले. आणि रोज उठून कुठं ना कुठं गाडीवर जायचं. आज भिगवण, उद्या वालचंदनगर. विचारलं की, "काम हाय." मला वाटलं, बाई ठेवली. खरंच सांगते, सहा वर्षांतली तीन मी त्या न दिसलेल्या बाईवर जळण्यात घालवली. शर्ट धुवायच्या आधी हुंगायचे. गाडीच्या डिकीत गजऱ्याचं फूल सापडतंय का बघायचे. सापडायची फक्त रिकामी पाकिटं, आणि ती मी मणक्याची म्हणून मुकाट टाकून द्यायचे. खरं कळलं तेव्हा आधी वाटलं, बाई असती तर बरं झालं असतं, झिंज्या तरी धरता आल्या असत्या. गोळीच्या काय झिंज्या धरायच्या?

खरं कळलं ते असं. एका दुपारी लांबच्या एका गावातल्या मेडिकलवाल्यानं गोळ्या द्यायला नाही म्हटलं. हे काउंटरच्या आत शिरले आणि फळीवरचं खोकंच उचललं. तो माणूस आडवा आला. ह्यांनी ढकललं. त्याचं डोकं काचेच्या शोकेसवर आपटलं, आठ टाके पडले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात बैलावर चाबूक ओढला नाही त्या माणसाला सोडवायला मी पोलीस चौकीत गेले. पुढं गावातल्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून मिटवलं, मी जाऊन त्या दुकानदाराच्या आणि त्याच्या बायकोच्या पाया पडले. पण त्या दिवशी चौकीत हवालदारानं ह्यांच्याकडनं काढून घेतलेलं सामान माझ्या ओंजळीत दिलं. पट्टा, किल्ल्या, रुमाल आणि ती चिठ्ठी. प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं. कोपरे गोल.

"लॅमिनेट करून ठिवलीय बघा," हवालदार म्हणाला. "काय डोकं चालतं एकेकाचं!"

डोकं कुणाचं चाललं होतं ते मला ठाऊक होतं. चिठ्ठी मी दुकानात नेली आणि पाऊचच्या खोक्यात अगदी तळाशी घातली. जाळता येईना, प्लॅस्टिकचा वास सगळ्या गल्लीला गेला असता. ह्यांनी ती पुन्हा कधी मागितली नाही. मी कधी काढून दाखवली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुण्याजवळचं व्यसनमुक्ती केंद्र धाकटीनंच शोधून दिलं. गावात आम्ही सांगितलं, मणक्याचं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी हे परत आले ते वाळून, पण डोळे जाग्यावर आलेले. तेव्हापासून एक गोळी नाही, डोकं दुखलं तरी सुंठ उगाळून लावतात. ट्रॅक्टर विकला आणि माझ्याबरोबर दुकानात बसायला लागले. सगळं मार्गी लागलं. फक्त त्या सहा वर्षांबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही. एकदा मी धीर करून विचारलं, "अहो, नेमकं कसं सुरू झालं हे?" तर म्हणाले, "झालं गेलं, सोड." मी सोडलं. सोडलं म्हणजे काय, गिळलं.

आणि दोन वर्षांनी ही बया आली! थंडीचे दिवस होते. बॅग टाकली आणि म्हणाली, "दाजी, मला सिनेमा लिवायचाय. तुमी मला सगळं सांगा, पयल्यापासनं." पुण्यात कसं शुद्ध बोलते, आणि दाजींकडून काही काढायचं असलं की लगेच गावाकडची. मला वाटलं, आता हे म्हणतील, झालं गेलं सोड. कुठलं काय! चार दिवस बोलत होते. डाळिंबाच्या बागेत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या, मध्ये तिचा मोबाईल, आणि माझा नवरा बोलतोय. एवढं मी त्यांना लग्नापासून बोलताना ऐकलं नव्हतं. मी चहा घेऊन गेले की दोघं गप्प. कप ठेवून मी वळले की मागं परत सुरू.

"काय चाललंय एवढं?" मी एकदा हसत हसत विचारलं.

"दाजी-मेव्हणीचं तुला काय करायचंय, आक्का?" ती म्हणाली आणि दोघं हसले. दाजी-मेव्हणीची थट्टा आमच्याकडं चालतेच, त्यात गैर काही नाही. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भलतंसलतंही मनात येऊन गेलं. आलं ते आलं, आता लाज वाटून काय उपयोग? पण भलतंसलतं काही नव्हतं. त्याहून वाईट होतं. माझ्या ताटात जे कधी वाढलं नाही ते माझ्यासमोर तिला पोटभर वाढत होते.

जळत होते हे तर झालंच, पण त्याच्याखाली भीती होती. चिठ्ठीचं सांगितलं असेल का? माझ्या हातानं लॅमिनेट केलेली, हे सांगितलं असेल का? तिला कळलं म्हणजे पडद्यावर येणार, पडद्यावर आलं म्हणजे कोऱ्हाळ्यापासून इंदापूरपर्यंत सगळे म्हणणार, नवऱ्याला नादाला बायकोनंच लावलं. सिनेमा तयार व्हायला दीड वर्ष लागलं. ते दीड वर्ष मी दुकानात मशीन गरम व्हायची वाट बघताना हाच विचार केला. ह्यांना विचारायची मात्र छाती झाली नाही.

तर थेटरात दिवे गेले. सिनेमा पक्का मारामारीचा. त्यातला ट्रॅक्टरवाला पाठीवर पडतो, गोळ्यांच्या नादी लागतो, खोट्या चिठ्ठ्या करतो, गोळ्या दुसऱ्यांनाही विकायला लागतो, आणि शेवटी मेडिकलवाल्याला मारून उसात पळतो. आमच्याकडं आठ टाके पडले होते, तिच्या सिनेमात मुडदाच पाडला. ह्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, तो शेवटपर्यंत सोडला नाही. आणि त्या ट्रॅक्टरवाल्याची बायको! गोरीपान, डोक्यावर पदर, चुलीपुढं बसलेली. सारखी रडायची. दूध उतू गेलं तरी रडायची. मी आयुष्यात एवढी रडलेले नाही, आणि माझ्याकडं चूलही नाही.

मग तो प्रसंग आला. ट्रॅक्टरवाला विहिरीवर जातो, मोटारीच्या स्टार्टरची लोखंडी पेटी उघडतो, आणि आत वायरींच्या मागं गोळ्यांची पाकिटं. आमच्या विहिरीवर तसलीच पेटी आहे, निळी. ही सिनेमाची कल्पना नव्हती, हे ह्यांनी सांगितलेलं होतं. खंडेनवमीला आम्ही शेतातली सगळी अवजारं पुजतो. दर वर्षी मी ताट घेऊन विहिरीवर जायचे, त्या पेटीवर हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे, उदबत्ती ओवाळायचे. म्हणजे सहा वर्षं मी कशाला ओवाळलं? आणि हे माझ्या आधी तिला ठाऊक होतं. चार दिवसांत ठाऊक झालं होतं.

पुढं चिठ्ठी आली. मी डोळे मिटून घेतले, मग किलकिले करून बघितलं. ट्रॅक्टरवाला बारामतीच्या स्टँडजवळ एका झेरॉक्सवाल्याकडं जातो. म्हातारा असतो चष्मेवाला. तो म्हणतो, "चिठ्ठी कुणी लॅमिनेट करतं व्हय?" हा डोळा मारतो. म्हातारा चिठ्ठी मशीनमध्ये घालतो. पुढच्याच प्रसंगात हा त्या चिठ्ठीवरचा शिक्का बाहीला पुसतो. थेटरात शिट्ट्या पडल्या. मी मात्र त्या चिठ्ठीकडं बघत राहिले. कोपरे टोकदार होते. आणि मध्ये हा एवढा बुडबुडा!

ज्याची दीड वर्ष भीती घेतली ते झालं नाही, तर सुटले म्हणायचं की नाही? छे! माझा तिळपापड झाला. माझं दुकान कुठं गेलं? माझी मशीन कुठं गेली? मला चुलीपुढं बसवलं आणि माझी जागा त्या चष्मेवाल्या म्हाताऱ्याला देऊन टाकली. बाईसाहेबांनी मला कापूनच टाकलं, असं वाटलं.

सिनेमा संपल्यावर तिला पडद्यापुढं बोलावलं. शाल, नारळ. कुणीतरी विचारलं, ही लॅमिनेट केलेल्या चिठ्ठीची कल्पना कुठून सुचली? ती म्हणाली, "सुचली नाही. ज्यानं भोगलं त्यानं सांगितली. सिनेमातला पहिला गुन्हा तोच आहे, बाकीचे सगळे त्याच्या पोटातले." टाळ्या वाजल्या. आमच्या ह्यांनीही वाजवल्या. पहिला गुन्हा करणारी तिसऱ्या रांगेत बसली होती, तिनं नाही वाजवल्या.

तिथून आम्ही कोऱ्हाळ्याला गेलो. लेकीचा सिनेमा लागला म्हणून आईनं पुरणाचा घाट घातला होता, आणि पोळ्या लाटायला अर्थातच मी. धाकटी स्वयंपाकघरात आली. कपाळावर फेट्याचा वळ तसाच.

"आक्का, बोल की. कसा वाटला?"

"बायको लई रडती तुझी."

"बास? एवढंच?"

"अन् लॅमिनेशनला बुडबुडा हाय. असलं काम मी गिऱ्हाइकाच्या हातात देत न्हाय."

ती खळखळून हसली. तिथं माझा तोल गेला. लाटणं पोळपाटावर आपटलं. "हस, हस! चार दिवस माझ्या दारात बसलीस. नवरा माझा, भोगलं मी, अन् माझाच चहा पिऊन शिनेमा लिवलास. मला त्यांनी एक अक्षर सांगितलं न्हाय, तुला सगळं सांगितलं. ते बी गिळलं मी. पण माझं दुकान का कापलंस? त्यो म्हातारा कुठनं आणलास?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "कसलं दुकान? तुझ्या दुकानाचा काय संबंध हाय त्यात?"

"चिठ्ठी लॅमिनेट कुठं झाली?"

"बारामतीला, स्टँडजवळ. दाजींनीच सांगितलं. म्हातारा बी त्यांनीच सांगितला, चष्म्यासकट. अगं, मी दोनदा इचारलं त्यांना, आक्काचं घरचं दुकान असताना बारामतीला कशाला गेला? तर म्हणाले, तिच्या हाताखालनं गेली असती तर तिनं त्याच दिवशी धरलं असतं मला. तिला ह्यातलं काय सुदीक ठाऊक न्हवतं, हे नीट लिव. रेकॉर्डिंग हाय माझ्याकडं. ऐकवू?"

पोळी तव्यावर काळी झाली होती. मी ती उलटली नाही. लपवायला हा माणूस पहिल्यापासून हुशार, गोळ्या सहा वर्षं लपवल्या. चार दिवस धाकटीला स्वतःची सगळी लक्तरं काढून दाखवली, चोरी दाखवली, मारामारी दाखवली, आणि त्या सगळ्यात मला तेवढं बाजूला काढून ठेवलं. आणि मी चहाचे कप ठेवताना कान टवकारून जळत होते.

"रडतीस काय गं?" धाकटी म्हणाली.

"धूर गेला डोळ्यात. सरक तिकडं, पोळी करपली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. हे नेहमीसारखे कागदाचे गठ्ठे लावत होते. मी पाऊचचं खोकं खाली घेतलं, तळातली चिठ्ठी काढली आणि त्यांच्यापुढं काउंटरवर ठेवली. त्यांनी ती लगेच उचलली नाही. मग एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"ठिवली व्हय अजून?"

"मी केलेली हाय ती. बारामतीच्या स्टँडवरची न्हाय."

"व्हय."

"मग तिला खोटं का सांगितलं?"

ह्यांनी चिठ्ठी उलटी करून बघितली. मग म्हणाले, "तू आपली चांगल्या मनानं करून दिल्याली. थेटरातल्या माणसांस्नी ते कुठनं कळणार? त्यांनी तुला धरली असती."

"अन् मला का न्हाय सांगितलं? तिच्यापुढं चार दिवस बोलला. मी विचारलं तर म्हणं, सोड."

"तिला सांगाय सोपं हाय गं. ती ऐकून पुण्याला जाती. तुला सांगायचं म्हंजे सांगून झाल्यावर परत तुझ्याच हातचं जेवायचं."

ते मला पटलं. पण राग एकदम जातो थोडाच. मी म्हटलं, "अन् त्या स्टार्टरच्या पेटीचं काय? सहा वर्षं मी तुमच्या गोळ्यांस्नी हळदकुंकू वाहिलं. उदबत्ती ओवाळली."

"न्हाय," हे एकदम म्हणाले.

"न्हाय काय न्हाय? पेटीतच होत्या की."

"खंडेनवमीला नसायच्या. तू ताट घिऊन यायच्या आत मी काढून घ्यायचो. पूजा हुईस्तवर खिशात घिऊन हिंडायचो. पण पेटी रिकामी ठिवायचो." ते चिठ्ठीकडं बघत होते. "साऱ्या वर्षात ह्यो एकच नेम पाळला मी. तुझी पूजा त्याला लागू दिली न्हाय."

माझा हात मशीनवर होता. मशीन अजून गारच होती. मी विचारलं, "हे तिला सांगितलंत?"

"कुणाला?"

"लेखिकेला."

"न्हाय. तिनं इचारलं न्हाय."

मी उठले आणि शटर अर्ध्यावर ओढलं. बाहेरून कुणीतरी वाकून ओरडलं, "ताई, दोन झेरॉक्स पायजेत!" मी म्हटलं, "मशीन बंद हाय, दुपारनं या." मग स्टूल ओढून ह्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आता सांगा. पयल्यापासनं."

दुपार होईस्तोवर सांगत होते. त्यातलं बरंचसं सिनेमात आहे. खंडेनवमीचं नाही. आता हे वाचलं की धाकटीला ते कळेलच, आणि ती फोन करून म्हणेल, आक्का, हे मला आधी का न्हाय सांगितलं, केवढा सीन झाला असता! म्हणू दे. आधी मला कळलंय.